घड्याळाचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे, फोटो काढायला मॅक्रो लेन्सच हवी का, की लेन्स उलटी लावून भागतं?

भागतं.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या ओळीमुळे. तुम्ही म्हणता की एका जाणकाराने तुम्हाला सांगितलं, लेन्स उलटी लावली की अक्षरांच्या कडा बिघडतात, त्यामुळे एचएमटीचं जुनं घड्याळ अस्सल आहे की त्याची डायल नंतर रंगवलेली आहे हे असल्या फोटोवरून ठरवू नये. हे जाणकार पुण्यात राहतात का हो? कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी आमच्या थोरल्या साडूंच्या तोंडून गौरीच्या जेवणाला भरल्या पंगतीत ऐकलेलं आहे.

साडूंकडे फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा आणि १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स. माझ्याकडे जुना निकॉन डी९० कॅमेरा, ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ डी लेन्स आणि ती उलटी बसवायला काही शे रुपयांची ५२ मिलिमीटरची रिव्हर्स रिंग. ही लेन्स मी उलटी लावतो हे कळल्यापासून त्यांनी मला घरात ‘उलटे’ असं नाव पाडलं होतं. ते मी हसून सोडून दिलं. नंतरचं मात्र सोडलं नाही.

एचएमटीची घड्याळं १९६१ पासून बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बनू लागली, आणि २०१६च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्या सुमाराला ज्याला त्याला एकदम एचएमटीचं प्रेम आलं. साडूंनाही आलं. त्यांनी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून एचएमटीचं काळ्या डायलचं ‘पायलट’ हे मॉडेल घेतलं. ‘न वापरलेला जुना स्टॉक’ अशी जाहिरात. जुन्या घड्याळांच्या डायली पुन्हा रंगवून विकायचा धंदा मुंबईत कित्येक वर्षं चालतो, परदेशातले संग्राहक त्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि पायलट हे त्यातलं एक लाडकं मॉडेल. साडूंना हे माहीत नव्हतं असं नाही. आपल्याला कोणी फसवू शकत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी घड्याळ मागून घेतलं, आतल्या खोलीत टेबलावर मांडलं, बाजूने दिव्यासमोर बटर पेपर धरला आणि लेन्स उलटी लावली. काय दिसलं ते सांगतो, कारण तुम्हालाही हेच बघायचंय. डायलवर इंग्रजीत छापलेल्या ‘पॅरा शॉक’मधल्या ‘पी’ आणि ‘आर’ यांची पोटं रंगाने भरलेली. मिनिटांच्या रेघा एका बाजूला सुट्या, दुसऱ्या बाजूला आकड्यांना टेकलेल्या. वरच्या लॅकरखाली, म्हणजे पारदर्शक थराखाली, कापडाचा एक बारीक तंतू कायमचा चिकटून बसलेला. आणि डायलच्या मधलं भोक, जिथून काटे वर येतात, त्याच्या कडेला काळ्या रंगाची पापडी उचललेली आणि तिच्याखाली चक्क पांढरट रंग. म्हणजे मुळात ती काळी डायलच नव्हती.

फोटो मोबाइलवर घेऊन बाहेर आलो. साडूंनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, “अरे, उलट्या लेन्समधून असंच दिसणार. लेन्स अशी वापरायला बनवलेलीच नसते.”

आता हे वाक्य ऐकायला इतकं शास्त्रीय वाटतं की पंगतीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या बायकोनेसुद्धा. तर ते का चुकीचं आहे ते बघा. साधी लेन्स अशी आखलेली असते की पुढच्या बाजूला वस्तू लांब आणि मागच्या बाजूला सेन्सर जवळ. तुम्ही एकास एकच्या पुढे गेलात, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूपेक्षा मोठी झाली, की हे नातं फिरतं. आता वस्तू जवळ असते आणि सेन्सर त्याहून लांब. अशा वेळी लेन्स उलटी केली की तिची जी बाजू जवळच्या अंतरासाठी आखलेली आहे तीच वस्तूकडे येते. म्हणजे त्या मापाला उलटी लावणंच सरळ आहे! तीच ५०ची लेन्स एक्स्टेन्शन ट्यूबवर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) सरळ लावून दुप्पट मोठं करायला जा, मग कोपरे कसे विरघळतात ते बघा. एफ १.८ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, फोटो काढलात तर उलट्या लेन्सच्याही कडा मऊ येतील, ते मान्य. छिद्र बारीक करून एफ ८ला ठेवा. आणि कुठलीही लेन्स घाणेरडी असली तरी ती अक्षराच्या पोटात रंग भरत नाही आणि लॅकरखाली दोरा ठेवत नाही.

तरी मी घरी येऊन वडिलांची ‘जनता’ काढली, तीही एचएमटीचीच. शोरूममधून घेतलेली, पावती अजून कपाटात आहे. तीच लेन्स, तीच रिंग, तोच बटर पेपर. ‘जनता’ची शिरोरेघ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एका जाडीची, शाई किंचित उठावदार, कड चाकूने कापल्यासारखी. फोटो साडूंना पाठवला. उत्तर आलं, “जनता वेगळी, पायलट वेगळं.”

मग एका रविवारी त्यांच्याच घरी, त्यांच्याच १०५च्या लेन्सने, त्यांनाच फोटो काढायला लावला. एकास एकला काढून संगणकावर शंभर टक्क्यांवर उघडला. पापडी तिथेच, तंतू तिथेच. ते बराच वेळ माउस इकडेतिकडे फिरवत बसले, मग म्हणाले, चहा टाकायला सांगू का.

असो. तुमच्याकडे निकॉन डी३५०० आणि १८-५५ झूम लेन्स आहे, म्हणजे ५५ मिलिमीटरची रिंग लागेल. लेन्स काढली की तिचं छिद्र (ॲपर्चर) आपोआप पार बारीक होतं, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार दिसेल. लेन्सच्या मागची छोटी पट्टी सरकवून कागदाची घडी अडकवा, उघडं राहतं. फोकस करताना पूर्ण उघडा आणि फोटोच्या वेळी घडी थोडी कमी करा, ही कसरत दोनदा केलीत की तिसऱ्यांदा तुम्ही स्वतःच वैतागून ॲपर्चर रिंग असलेली जुनी ५० शोधायला लागाल. तीच घ्या, सेकंडहँड स्वस्त मिळते. मोड फक्त एम, म्हणजे मॅन्युअल. डी३५०० अशा वेळी उजेड मोजत नाही, तेव्हा शटर अंदाजाने ठेवा, फोटो बघा, बदला. झूमचा हिशेबही उलटा होतो: १८ला सगळ्यात मोठं दिसतं, ५५ला कमी.

फोकस रिंग फिरवून काही होत नाही, घड्याळ किंवा कॅमेरा पुढेमागे करायचा. एकास एकला एफ ८वर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर भाग धारदार येतो, त्यामुळे डायल स्पष्ट आली तर काटे धूसर होणार. दोन्ही हवेत तर थोडंथोडं सरकवत बरेच फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये जोडा. एफ १६, एफ २२ला जाऊन हा धारदार भाग वाढवायला जाऊ नका, विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याने) सगळंच मऊ पडतं. दुप्पट मापाला एफ ८ म्हणजे खरं तर एफ २४सारखंच वागतं. चावीचं घड्याळ असेल तर आदल्या दिवशी चावी देऊ नका, बंद पडू दे, म्हणजे सेकंदकाटा गप्प बसेल. जनता-पायलटची काच ॲक्रिलिकची आणि फुगीर, तिच्यात तुमचा कॅमेरा दिसतो. काळ्या कागदाला भोक पाडून लेन्सभोवती लावा. ओरखडे असतील तर आधी काच पॉलिश करून घ्या, नाहीतर तुम्ही डायलऐवजी ओरखड्यांचा फोटो काढाल.

आणि हो, पूर्ण घड्याळाचा फोटो हवा असेल तर हे काहीच करू नका. तुमचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद, डायल तीन सेंटिमीटरच्या आसपास, एकास एकला ती मावणारच नाही. त्याला ट्यूब पुरते. मॅक्रो लेन्स वाईट आहे असंही मी म्हणत नाही. फोकस दुरून होतं, उजेडाला जागा मिळते, उलट्या लेन्समध्ये घड्याळ चार-पाच सेंटिमीटरवर येतं आणि लेन्सचीच सावली पडते. रोज घड्याळं काढणार असाल आणि पैसे असतील तर घ्या. फक्त ती घेतल्याने पारखी नजर येते असं समजू नका.

रंगवलेली डायल म्हणजे दर वेळी फसवणूक नसते हेही सांगतो. काहीजण सडलेली डायल मुद्दाम नवी करून घेतात, आणि तसं सांगून विकतात. साडूंच्या पायलटमध्ये मशीन पायलटचंच, ०२३१ क्रमांकाचं आहे आणि वेळ चोख दाखवतं. तुमच्यावाल्यात शंका असेल तर आधी मधलं भोक आणि बारीक अक्षरं बघा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत बघा. साडूंची आमच्या वादातच संपली.