सूर गवसलेला पिचर विकावा का?

बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॅक फ्लॅहर्टी २०२६ मध्येही डेट्रॉइट टायगर्सकडेच राहणार, हे २०२५ च्या नोव्हेंबरात पक्कं झालं. दोन कोटी डॉलर्स घेऊन थांबायचं की करार मोडून बाजारात उतरायचं, हा निर्णय त्याचा होता. तो थांबला. त्यावर मिशिगनमधल्या मराठी वाचकांचे बरेच प्रश्न आले, एखाददुसरा पुण्याहूनही. बहुतेकांचं गाऱ्हाणं जुनंच आहे: २०२४ च्या जुलैत ऐन बहरात असताना याला दोन तरुण खेळाडूंच्या बदल्यात लॉस एंजेलिस डॉजर्सला दिलाच का?

प्रश्न (ट्रॉय) : टायगर्सचा स्वतःच्याच संघावर विश्वास नव्हता. फ्लॅहर्टीला विकलं आणि मग प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीला, पोचले! तो असता तर क्लीव्हलंडला हरवलं असतं. पटतंय का?

अर्धं पटतंय. तो असता तर मदत झालीच असती. त्या ऑक्टोबरात टायगर्सकडे खात्रीचा स्टार्टर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारा पिचर, एकच, तारिक स्कूबल. बाकीच्या दिवशी मॅनेजर ए. जे. हिंच एकामागून एक रिलीव्हर, म्हणजे मधे येऊन थोडा वेळ टाकणारे पिचर, आणून नऊ इनिंग्ज कशाबशा भरून काढायचे. त्याला त्यांनीच 'पिचिंग केऑस' असं नाव दिलं होतं. पण क्लीव्हलंडविरुद्धची निर्णायक पाचवी मॅच स्कूबलच टाकत होता, आणि क्लीव्हलंडच्या लेन थॉमसने चार धावांचा ग्रँड स्लॅम मारला तोही त्यालाच. फ्लॅहर्टी असता तरी त्या दिवशी चेंडू स्कूबलच्याच हातात असता.

आता विकण्याच्या दिवसाकडे या. तारीख ३० जुलै. त्यानंतर अकरा दिवसांनी, १० ऑगस्टला, टायगर्स ५५ विजय आणि ६३ पराभवांवर होते. तिथून त्यांनी ४४ पैकी ३१ मॅच जिंकल्या. असं काही होईल असं जुलैत कुणी म्हणालं असतं तर आपण त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. निकाल हातात घेऊन मागच्या निर्णयाला नावं ठेवणं सोपं असतं.

शिवाय एक वर्ष आधीची जखम ओली होती. २०२३ मध्ये एदुआर्दो रॉड्रिगेझही असाच सावरलेला स्टार्टर होता. टायगर्सनी त्याचा सौदा डॉजर्सशीच जमवला होता, पण न जाण्याच्या संघांची यादी त्याच्या करारात होती, तिच्यात डॉजर्स होते, आणि त्याने नकार दिला. मोसम संपल्यावर तो करार मोडून ॲरिझोनाला गेला, चार वर्षांचे आठ कोटी घेऊन. टायगर्सच्या हाती धुपाटणं. फ्लॅहर्टीचा करार तर एकाच वर्षाचा होता, एक कोटी चाळीस लाखांचा. ऑक्टोबर संपला की तो मोकळा. टायगर्सचे बेसबॉल प्रमुख स्कॉट हॅरिस यांनी दुसऱ्यांदा तसंच हात चोळत बसायचं का?

प्रश्न (नोव्ही) : मान्य. पण बदल्यात जे आलं ते पाहून हसावं की रडावं?

रडण्याइतकं वाईट नाही, मिरवण्याइतकं चांगलंही नाही. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) ट्रे स्विनी आणि कॅचर (बॅटरमागचा, विकेटकीपरसारखा) थायरॉन लिरान्झो असे दोघे आले. स्विनी ऑगस्टमध्येच मेजर लीगमध्ये आला आणि ज्या घोडदौडीने तुम्ही हरखलात तिच्यात शॉर्टस्टॉपला तोच उभा होता, हे विसरू नका. २०२५ मध्ये मात्र त्याची बॅट पार बसली. लिरान्झोचंही ते वर्ष खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्ये फिकंच गेलं. पण तो तरुण आहे, आणि कॅचर उशिरा पिकतात.

भाव कमी का आला? तर जुलैच्या सुरुवातीला फ्लॅहर्टीच्या कमरेत इंजेक्शनं दिली होती. सौद्याआधी समोरचा संघ वैद्यकीय कागद मागवतो, आणि ते कागद बघून यँकीजनी हात आखडता घेतल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. सौद्यांच्या डेडलाइनला काही मिनिटं उरलेली, गिऱ्हाईक कमी झालेलं. आठवडी बाजारात दिवस कलल्यावर टोमॅटोचं जे होतं तेच झालं. माझा आक्षेप असलाच तर विकण्यावर नाही, शेवटच्या घटकेपर्यंत ताणण्यावर आहे.

न विकण्याचा एक खरा पर्याय होता, तो क्वचितच कुणी बोलतं. मोसमाअखेर त्याला ठरावीक रकमेचा एक वर्षाचा प्रस्ताव देता आला असता, त्या हिवाळ्यात ती रक्कम २ कोटी १० लाखांच्या आसपास होती. नाकारून दुसरीकडे गेला, तर टायगर्सना नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमध्ये एक जादा निवड. मधेच विकलेल्या खेळाडूला मात्र नवा संघ हा प्रस्ताव देऊ शकत नाही. म्हणजे तुलना 'फ्लॅहर्टी की दोन पोरं' अशी नसून 'दोन महिने फ्लॅहर्टी आणि एक ड्राफ्ट निवड, की दोन पोरं' अशी होती. तरीही मी विकलंच असतं. प्रस्ताव त्याने स्वीकारला असता तर? त्या हिवाळ्यात त्याला लांबचा करार कुणी दिला नाही, आणि फेब्रुवारीत तो दोन वर्षांच्या साडेतीन कोटींवर डेट्रॉइटलाच परतला, हे बघता तो नक्कीच मोहात पडला असता.

प्रश्न (पुणे) : मी क्रिकेटवाला. खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवतात हे खरं का? आयपीएलमध्ये तर संमती लागते.

खरं आहे. फोन येतो, बॅग भरायची, निघायचं. करार आहे तसाच सोबत जातो, पगार नवा संघ देतो. अपवाद दोन. रॉड्रिगेझसारखं कलम करारात लिहून घेतलेलं असेल तर, किंवा मेजर लीगमध्ये दहा वर्षं झालेली असून त्यातली शेवटची पाच सलग त्याच संघात काढली असतील तर.

प्रश्न (शिकागो) : पिचर खरंच सावरलाय की नशिबाने चार महिने बरे गेले, हे ओळखायचं कसं?

ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, सगळ्यात शेवटी बघा. त्यात मागच्या फील्डर्सचा वाटा असतो, मैदानाचा असतो, दैवाचाही असतो. आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले बॅटर) आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकटात पहिल्या बेसवर गेलेले) बघा, कारण तिथे पिचर, बॅटर आणि कॅचर सोडून चौथ्या कुणाचा फारसा हात नसतो.

फ्लॅहर्टीचंच उदाहरण घ्या. २०१९ मध्ये सेंट लुईसकडून खेळताना मोसमाच्या उत्तरार्धात त्याचा ईआरए ०.९१ होता. मग बरगडीजवळचा स्नायू, मग खांदा. २०२३ मध्ये १४४ इनिंग्जमध्ये ६६ वॉक, ईआरए पाचाला टेकलेला, आणि बॉल्टिमोरला गेल्यावर तर ६.७५. डेट्रॉइटला आला आणि पहिल्या १०६ इनिंग्जमध्ये १३३ स्ट्राइकआउट, वॉक फक्त १९. हा १९ चा आकडा मी तेव्हा दोनदा तपासला होता. ईआरए २.९५ होता, पण मला पटवलं ते या १९ ने.

३० एप्रिल २०२४ ची मॅच आठवते. समोर त्याचाच जुना संघ सेंट लुईस. पहिले सातच्या सात बॅटर स्ट्राइकआउट, अमेरिकन लीगच्या विक्रमाशी बरोबरी. फास्टबॉल काही फार वेगवान नव्हता. पण स्लायडर शेवटच्या क्षणी प्लेटच्या कडेवरून खाली निसटायचा, आणि नकल-कर्व्ह छातीच्या उंचीवर सुटून गुडघ्याखाली यायचा. बॅटर आधी बॅट फिरवायचे आणि मग चेंडू कुठे गेला ते खाली वाकून बघायचे. एकूण १४ स्ट्राइकआउट झाले. मॅच टायगर्स २-१ ने हरले, ती गोष्ट वेगळी!

पण सावरणं म्हणजे टिकणं नव्हे. २०२४ च्या प्लेऑफमध्ये डॉजर्सकडून न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या मालिकेत पहिल्या मॅचमध्ये सात इनिंग्ज, एकही धाव नाही. त्याच मालिकेच्या पाचव्या मॅचमध्ये तीन इनिंग्जमध्ये आठ धावा. वर्ल्ड सिरीज जिंकली त्या रात्रीही तो दुसरी इनिंग पुरी करू शकला नव्हता, पाच धावांची पिछाडी बाकीच्यांनी भरून काढली. आणि २०२५ मध्ये डेट्रॉइटला १५ पराभव, ईआरए ४.६४. स्ट्राइकआउट तेव्हाही भरपूर होते, घसरलं ते नियंत्रण. असा पिचर भरात आला की तो भर किती टिकेल याची पैज लावायला मी तयार नाही. ती पैज दुसऱ्याला लावू द्यावी.

प्रश्न (ॲन आर्बर) : आम्ही १९८४ पासून टायगर्सवाले. स्मोल्ट्झ गेला तेव्हाही सगळे 'योग्य निर्णय' म्हणत होते. तेव्हा कुठे होतात?

तेव्हा क्रिकेट बघत होतो! पण मुद्दा रास्त आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. १२ ऑगस्ट १९८७ ला टायगर्स विकणारे नव्हते, घेणारे होते. अटलांटाकडून ३६ वर्षांचा पिचर डॉइल अलेक्झांडर आणला आणि बदल्यात मिशिगनमध्येच वाढलेला, लहानपणापासून टायगर्सचा चाहता असलेला जॉन स्मोल्ट्झ दिला. अलेक्झांडरने नऊ मॅच जिंकल्या, एकही हरला नाही, ईआरए १.५३. टोरांटोला दोन मॅचने मागे टाकून टायगर्सनी आपली डिव्हिजन, म्हणजे गट, जिंकली. मग प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्ध तो दोन मॅच खेळला, दोन्ही हरला, आणि १९८९ नंतर निवृत्त झाला. स्मोल्ट्झने अटलांटात २१३ विजय आणि १५४ सेव्हच्या (शेवटी येऊन आघाडी राखलेल्या मॅच) कारकिर्दीतला बहुतेक भाग काढला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. दोन महिन्यांसाठी पिचर घेणाऱ्याला काय किंमत मोजावी लागू शकते ते यातून दिसतं. २०२४ मध्ये टायगर्स काउंटरच्या पलीकडे, विकणाऱ्याच्या जागी होते, एवढाच फरक.

प्रश्न (मायामी) : मग मार्लिन्सनी २०२५ मध्ये सँडी अल्कांताराला का नाही विकलं?

कारण त्याचा करार संपत नव्हता. २०२७ चा पर्यायही क्लबच्या हातात आहे. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतलेला हा २०२२ चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता मोसमाच्या पूर्वार्धात ७.२२ च्या ईआरएवर होता. तेव्हा विकणं म्हणजे पडत्या भावात सोनं मोडणं. पुढे तो सुधारला. थांबले ते बरोबर केलं.

प्रश्न (कॅन्टन, मिशिगन) : २०२६ च्या जुलैत फ्लॅहर्टीला पुन्हा विकायची वेळ आली तर?

करार तेव्हाही मोसमाअखेर संपणारच आहे, म्हणजे गाडी पुन्हा त्याच स्टेशनात. टायगर्स डिव्हिजनमध्ये पुढे असतील तर ठेवा, चार-पाच मॅचने मागे असतील तर जुलैच्या मध्यालाच फोन फिरवायला घ्या, डेडलाइनची वाट बघू नका. आणि मला विचारण्याआधी त्याचे वॉक मोजून ठेवा.