चोरलेला लघुप्रबंध, अडलेलं गुगल आणि हातात पडलेला मेमो

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. एम.ए.च्या एका मुलाचा लघुप्रबंध आणि टी.वाय.च्या एका मुलीचा प्रकल्प मला उचललेला वाटला. भाच्याने एक प्रोग्रॅम करून दिला. तो एकेक वाक्य अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये तो लावला आणि तासाभरात सगळ्याच संगणकांवर गुगल 'तुम्ही रोबो नाही ना?' विचारत अडलं. दोघांच्या फायली मी एका फुकट तपासणीच्या वेबसाइटवरही टाकल्या आणि विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांची नावं कळवली. आता प्राचार्यांचा मेमो आलाय आणि मुलाच्या वडिलांनी कॉपीराइटची नोटीस पाठवली आहे. माझ्यावर गुन्हा दाखल होईल का?

उत्तर : ताई, तुम्ही पत्रासोबत जोडलेली मुलाच्या लघुप्रबंधाची पानं मी दोनदा वाचली. विषय रावेरच्या केळीचा, आणि मध्येच वाक्य येतं, 'बागेची ऑक्टोबर छाटणी झाल्यावर घड धरतात.' ऑक्टोबर छाटणी द्राक्षाची असते. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याच्या घरातलं पोर केळीबद्दल असं लिहिणार नाही. कुणाचा तरी नाशिककडचा मजकूर घेऊन गावं बदलली, पीक बदललं, हे एक वाक्य तेवढं राहून गेलं. ही चोरी तुमच्या डोळ्यांनी पकडली आहे, भाच्याच्या प्रोग्रॅमने नाही. मेमोचं उत्तर लिहिताना हे पहिल्या परिच्छेदात लिहा.

आता गुन्ह्याचं. संशयास्पद वाक्य स्वतः टाइप करून गुगलवर शोधायला कुणाचीही आडकाठी नाही; दिवसभर शोधा. अडचण यंत्राने शोधण्याची आहे. आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने शोधाची पानं मागू नयेत, असं गुगल आपल्या साइटवर यंत्रांसाठी ठेवलेल्या सूचनेत सांगतं, आणि ती सूचना पाळणं वापराच्या अटींत येतं. तुमच्याकडून ती अट मोडली गेली. पण अट मोडणं हा आधी कराराचा भंग असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ परवानगीशिवाय संगणक वापरण्याबद्दल, त्यातून माहिती काढण्याबद्दल आहे आणि ते नुकसानभरपाईचं कलम आहे. तेच कृत्य 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' केलं असेल तर कलम ६६ लागतं आणि तिथे ३ वर्षांपर्यंत कैद आहे. विद्यार्थ्यांचं काम तपासणाऱ्या शिक्षिकेच्या हेतूत कपट कुठून आणणार? कलम ६६ तुमच्यावर टिकेल असं मला वाटत नाही. रोबोचा प्रश्न हीच गुगलची कारवाई समजा. प्रोग्रॅम थांबला की ती अडवणूक सहसा आपोआप सुटते.

प्राचार्यांची तक्रार मात्र खरी आहे. लॅब सगळ्यांची होती आणि तुम्ही विचारलं नव्हतं. ते लेखी कबूल करा. भाच्याचं नाव लपवू नका, त्याच्यावर ढकलूही नका.

कॉपीराइटच्या नोटिशीचे दोन भाग करू. लघुप्रबंधात जे मुलाने स्वतः लिहिलंय, त्याचा पहिला मालक तोच, विद्यापीठ नाही. पण दहा-बारा शब्दांचं वाक्य शोधखिडकीत टाकणं म्हणजे कृतीचा मोठा भाग उचलणं होत नाही, आणि कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ संशोधन व समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं. तिथे नोटीस लंगडी आहे. फुकट वेबसाइटवर अख्खी फाइल टाकणं मला जास्त खटकतं. अशा साइटींच्या अटींत पुष्कळदा मजकूर ठेवून घ्यायची परवानगी आपल्याकडून घेतलेली असते. उद्या त्या मुलीने सुधारलेला प्रकल्प तपासायला दिला तर तिचंच जुनं लेखन तिच्याविरुद्ध 'जुळलं' म्हणून समोर येऊ शकतं. त्या साइटला आजच ई-मेल करून दोन्ही फायली काढायला सांगा आणि ई-मेलची प्रत जपून ठेवा.

ग्रुपवरची नावं लगेच काढा. भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्हेतूने केलेल्या तक्रारीला त्यात संरक्षण आहे. व्हॉट्सॲप ग्रुप त्यात बसवणं अवघड जाईल.

तक्रार कुठे करायची, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक नियमांत आहे. इथे तुमच्या दोन विद्यार्थ्यांची वाट वेगळी होते, आणि हे पुष्कळ प्राध्यापकांच्या लक्षात येत नाही. हे नियम पदव्युत्तर व संशोधन पदवीच्या लेखनाला लागतात; प्रकल्प अहवाल, असाइनमेंट, निबंध त्यांतून स्पष्टपणे वगळले आहेत. म्हणजे मुलाचं प्रकरण तुमच्या विषय-विभागाच्या समितीकडे पुराव्यासह जाईल. समितीने त्याला बाजू मांडू द्यायची आणि ४५ दिवसांत संस्थेच्या समितीकडे शिफारस पाठवायची. दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर ६ महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्यांचा मजकूर यांत मोजायचा नाही. तुमच्या प्रोग्रॅमने हे काहीच वगळलेलं नाही, त्यामुळे त्याने दाखवलेला ७१ टक्के साम्याचा आकडा तक्रारीत लिहू नका. लिहिलात तर समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालेल.

टक्केवारीसाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या केंद्रामार्फत 'शोधशुद्धी' ही साम्य तपासणारं सॉफ्टवेअर पुरवणारी योजना विद्यापीठांसाठी सुरू केली, ती याचसाठी. फाइल युनिकोडमध्येच मागा, म्हणजे यंत्रालाही मराठी अक्षरं ओळखता येतात अशा टायपात. आपल्याकडे अजून बरेच प्रबंध श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. ते आपल्याला मराठी दिसतात, यंत्राला मात्र इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. मग अख्खा चोरलेला प्रबंधही शून्य टक्के ठरतो.

पुढे प्रोग्रॅम वापरायचाच असेल तर शोधयंत्राच्या कंपनीची अधिकृत एपीआय सेवा (प्रोग्रॅमला परवानगीने शोध घेऊ देणारी सोय) घ्या, कॉलेजच्या नावाने, प्राचार्यांच्या सहीने. रोज किती शोध करता येतात, निकाल साठवून ठेवता येतात का, हे अटींत आधी वाचा. भाच्याला सांगा, मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राची तशी सेवा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली आहे. तिच्यावर बेतलेले जुने प्रोग्रॅम आता चालणार नाहीत.

राहिली ती मुलगी. तिच्या प्रकल्पाला विद्यापीठाचे आणि कॉलेजचे परीक्षेचे नियम लागतील. पण त्याआधी तिला बोलवा, मूळ लेख आणि तिचं पान शेजारी ठेवा आणि हे कुठून घेतलं ते विचारा. संदर्भ कसा द्यायचा हे तिला वर्गात कुणी शिकवलं होतं का, हेही विचारा. ती जे सांगेल ते लिहून घ्या, तिची सही घ्या.

मेमोची मुदत तुम्ही कळवलेली नाही. ती आधी बघा, उत्तर त्याच्या आत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.