सेमिनरीत शिकता शिकता प्रार्थनाच थांबली तर?

"ताई, रविवारी पुलपिटवर उभा राहतो आणि वाटतं, मंडळीशी खोटं बोलतोय."

बी.डी.च्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षातला चोवीस वर्षांचा मुलगा, नगरकडच्या एका पाळकांचा. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) बी.एस्सी. झाल्यावर स्वतःच्या मनाने सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात, आला. आता तीन महिने त्याच्याकडून प्रार्थना होत नव्हती.

सुरुवात बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकापासून झाली. वर्गात शिकवलं की यशया संदेष्टा इ.स.पू. आठव्या शतकातला, पण ४०व्या अध्यायापासून जो आवाज येतो तो बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातल्या यहुदी लोकांशी बोलतो, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनंतरच्या. ४५व्या अध्यायात तर कोरेश या पर्शियन राजाचं नावच आहे, आणि कोरेशाने बाबेल जिंकलं इ.स.पू. ५३९मध्ये. म्हणून बरेच अभ्यासक हा भाग नंतरचा मानतात. परीक्षेत हे उत्तर त्याने छान लिहिलं आणि खोलीवर येऊन रडला. "मग आजीने शिकवलं ते काय होतं?"

ही भीती घेऊन मुलं माझ्याकडे बोलायला येतात, त्यांचे आईवडीलही येतात: शिकून पोराची श्रद्धा जाईल का? मी तिथे वाद घालत नाही, आधी झोपेचं विचारते. हा रात्री चार तास झोपत होता. शाळा मराठी माध्यमाची, पुस्तकं सगळी इंग्रजी, त्यात हिब्रू आणि ग्रीक या बायबलच्या मूळ भाषा एकदमच. इतक्या थकव्यात कुठलाही प्रश्न डोंगराएवढा होतो. बायबलची अशी चिकित्सा शिकवायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पोराच्या पायाखालची जमीन हलते तेव्हा वर्गाबाहेर त्याच्याजवळ बसायला कुणी नसतं, याचा मला खरंच राग येतो.

तिसऱ्या भेटीत म्हटलं, आजीचं स्तोत्र मला हिब्रूतून वाचून दाखव. तेविसावं. उजवीकडून डावीकडे बोट सरकवत, अडखळत तो वाचत गेला आणि शेवटच्या वचनाशी थांबला. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कल्याण आणि दया "लाभतील" असं आहे. हिब्रूत तिथे रादाफ हे क्रियापद आहे, म्हणजे पाठलाग करणं. शत्रूच्या मागे धावतात तेव्हाही हाच शब्द.

"म्हणजे दया माझ्या मागे लागलीय?" बोट बराच वेळ तिथेच होतं.

मग आम्ही पंडिता रमाबाईंबद्दल बोललो. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, एवढ्या कामाच्या रगाड्यात, त्या हिब्रू आणि ग्रीक याच दोन भाषा शिकल्या आणि अख्खं पवित्र शास्त्र त्यांनी मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, पुस्तक १९२४मध्ये निघालं.

ठरवलं ते साधंच होतं. झोप किमान सहा तास. रविवारी जे वचन स्वतःला खरं वाटतं त्यावरच बोलायचं, भले पाच मिनिटं. आणि बोलायला एक वडीलधारा माणूस शोधायचा, जो त्याचे पेपर तपासत नाही.

सगळेच टिकत नाहीत. एका मुलीने मध्येच कोर्स सोडला. ती आज शाळेत शिकवते, समाधानी आहे. तिला थांबवलं नाही याचं मला वाईट वाटत नाही.

नाताळच्या सुट्टीत याने घरी सगळं सांगितलं. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो शब्द परत सांग," आणि आपल्या जुन्या शास्त्राच्या समासात पेन्सिलीने "रादाफ" लिहून घेतलं.

स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना त्याला अजून जमत नाही. रात्री तो ८८वं स्तोत्र मोठ्याने वाचतो, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आणि दिवा मालवतो.