नगरपरिषदेने मंजूर केलेला रस्ता अर्धवट राहिलाय, कागदपत्रं कशी मागायची?

माहिती अधिकाराचा अर्ज करा, 'जोडपत्र अ' नमुन्यात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत.

"रस्ता का रखडला?" असं विचारू नका. कारणमीमांसा करणं जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, अर्ज तिथेच अडतो. कागद मागा: सभेचा ठराव, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका. ही पुस्तिका सोडूच नका! खडीचा थर किती लांब, रुंद, जाड मोजला ते तीत ओळीने लिहिलेलं असतं. टेप घेऊन रस्त्यावर ताडून पाहता येतं.

आवक शिक्क्याची पोच घ्याच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून.