पँगाँग सरोवराचे फोटो एकसारखे का येतात, आणि वेगळे कसे काढावेत?

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही मुंबईहून लडाखमधल्या पँगाँगला जात आहात, सोबत १८-५५ (रुंद कोनाची) आणि ५५-२५० (दूरचे जवळ आणणारी) अशा दोन लेन्स आहेत आणि सगळीकडे दिसणाऱ्या त्याच त्या निळ्याशार फोटोंपेक्षा वेगळे काही साधता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. नक्की साधता येईल. मात्र त्यासाठी रंगाच्या आधी अंतराचा विचार करावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईत फोटो काढणाऱ्याची नजर दमट हवेत तयार झालेली असते. नरिमन पॉइंटवरून मलबार हिलकडे पाहिले, तर पायाजवळचे टेट्रापॉड ठळक, मधले पाणी जरा फिके आणि पलीकडच्या इमारती धुरकट दिसतात. या धुरकटपणामुळेच फोटोत खोली येते आणि त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. पँगाँग मात्र सुमारे ४,२५० मीटर उंचीवर, थंड वाळवंटात आहे. तिथली हवा इतकी विरळ आणि कोरडी असते की काही किलोमीटर पलीकडच्या डोंगरावरची एकेक घळ स्पष्ट दिसते. डोळ्यांना हे विलक्षण सुंदर वाटते, पण कॅमेऱ्यात जवळचे आणि लांबचे सारखेच ठसठशीत उमटते आणि चौकटीत पाणी, डोंगर, आकाश असे तीन सपाट पट्टे उरतात.

त्यात वेळेची भर पडते. लेहहून सकाळी निघालेल्या गाड्यांना ‘चांग ला’ नावाची उंच खिंड ओलांडून सरोवरापर्यंत यायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे बहुतेक पर्यटक भर दुपारी किनाऱ्यावर पोहोचतात. स्पांगमिक हे गाव नैर्ऋत्य काठावर असल्याने त्या वेळी ऊन पाठीमागून येते. पाणी सर्वांत गडद निळे दिसते खरे, पण डोंगरांवर सावलीच नसल्याने त्यांचे चढउतार पुसले जातात. म्हणून तिथे एक तरी रात्र मुक्काम करावा, आणि जमल्यास स्पांगमिकच्या गर्दीऐवजी पुढे मान किंवा मेरक गावात राहावे.

सकाळी, वारा सुटण्याच्या आत, किनाऱ्यावरून उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. ऊन उजवीकडून येते, प्रत्येक घळीची एक बाजू उजळते आणि दुसरी अंधारात राहते, आणि पाणी स्थिर असेल तर प्रतिबिंबही मिळते. संध्याकाळी याच्या उलट घडते: सूर्य तुमच्या मागच्या उंच रांगेआड लवकर जातो, अलीकडचा काठ सावलीत बुडतो आणि समोरचे गेरूच्या रंगाचे डोंगर मात्र पुढेही उन्हात राहतात. अंधारा काठ आणि उजळलेला पैलतीर यांच्यातल्या या फरकामुळे हवेने न दिलेली खोली फोटोला मिळते. मुंबईच्या तुलनेत त्या दिवसांत सूर्य सुमारे वीस मिनिटे आधी उगवतो आणि आधी मावळतो, हे लक्षात ठेवून वेळ आखा.

पुढचा प्रश्न पायाखालच्या भागाचा. सरोवराचे पाणी खारे आहे. काठावरच्या गोट्यांवर जागोजागी मिठाचा पांढरा थर बसलेला असतो. त्यापुढे तळ दिसणारे नितळ पाणी, मग हिरवट पट्टा आणि मग गडद निळा, कारण पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि खोली वाढेल तसा निळा रंग उरतो. काठावर उभे राहून हे पट्टे एकमेकांत मिसळतात. मागच्या उतारावर दहा-पंधरा मीटर चढलात तरी ते सुटे दिसतात. सावकाश चढा, त्या उंचीवर तेवढ्यानेही दम लागतो. आकारमान समजण्यासाठी चौकटीत ओळखीचे काहीतरी हवे. तपकिरी डोक्याचे कुरव (सीगल) तिथे पाण्यावर दिसले तर जरूर घ्या. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात तेच हे पक्षी, फक्त मुंबईकडे येईपर्यंत त्यांचे डोके पांढरे झालेले असते.

१८-५५ सर्वांत रुंद कोनात वापरली की डोंगर टेकड्यांसारखे दिसू लागतात. मला विचाराल तर तिथली खरी लेन्स ५५-२५० आहे: समोरच्या उतारांवरून सरकणारी ढगाची सावली टिपायला तिच्यासारखी दुसरी नाही. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर, जपून वापरा. (वाळवंट म्हटले की दुकानदार आधी तोच हातात ठेवतो, म्हणून मुद्दाम सांगतो.) त्या उंचीवर आकाश मुळातच गडद असते, बाजूने ऊन असताना आणि कोन रुंद असताना या फिल्टरमुळे आकाशाचा एकच भाग काळपट होतो, शिवाय पाण्यातले प्रतिबिंबही नाहीसे होऊ शकते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्या, आणि फिकट वाळू व मीठ चौकटीत असताना कॅमेरा फोटो काळा करतो, म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडे वाढवा. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. उंचीची सवय होण्यासाठी लेहला किमान दोन रात्री थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

परत आल्यावर संगणकावर फोटो उघडाल, तेव्हा मुंबईच्या फोटोंवर हात बसलेला, धुरकटपणा घालवणारा डीहेझ स्लायडर इथे शून्यावरच राहू द्या आणि निळ्या रंगाची तीव्रता वाढवण्याऐवजी थोडी कमी करून पाहा. दूरच्या डोंगरांचा कॉन्ट्रास्ट किंचित उतरवला, तर ते पुन्हा त्यांच्या जागी, मागे जातात.