नॅनो हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट: पहिल्या बॅचआधी एवढं बघा

प्रयोगशाळेत पहिल्यांदाच नॅनो हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फेटच्या या खनिजाच्या अतिसूक्ष्म कणांची, पावडर बनवायला घेताय. दातांच्या एनॅमलचं (वरच्या कठीण थराचं) सुमारे ९६ टक्के वजन खनिजाचं, आणि ते खनिज मुख्यतः हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच. त्यामुळे सुरुवातीला हेच निवडलंत ते उत्तम. त्यात झिंक, फ्लोराइड मिसळायचं मात्र सध्या डोक्यातून काढा. आधी साधी, शुद्ध पावडर जमू द्या.

सगळ्यात जास्त गडबड पीएचमध्ये (द्रावण किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याच्या मापात) होते. कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात अमोनियम फॉस्फेट पडत गेलं की पीएच उतरत जातो, आणि नवशिका सुरुवातीला एकदा मोजून निर्धास्त होतो. शेवटपर्यंत मोजत राहा, अमोनिया घालून १० च्या वर ठेवा. नाहीतर भलतेच फॉस्फेट तयार होतात, आणि डोळ्यांना सगळं पांढरंच दिसतं!

बाकी:
- कॅल्शियम-फॉस्फरसचं मोलर गुणोत्तर (अणूंच्या संख्येचं प्रमाण) १.६७. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. डबा उघडा राहिला की वजन फसवतं.
- फॉस्फेट थेंबथेंब, ढवळणं अखंड.
- साका (द्रावणात तयार झालेला गाळ) रात्रभर मुरू द्या, मग भरपूर धुवा.

वाळवताना कण एकमेकांना चिकटतात. खलात घोटून ते पुन्हा सुटे नॅनोकण होत नाहीत. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचनेची तपासणी) केल्याशिवाय पावडरला नाव देऊ नका. अमोनियाचं काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात). आणि हो, प्रयोगशाळेतली पावडर स्वतःच्या दातांवर घासून बघायची नाही.