नव्या कर्नलनंतर वायफाय झोपेतून उठत नाही

प्रश्न: सर, माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. मागच्या अपडेटनंतर झाकण लावून परत उघडलं की वायफाय गायब होतं, रीस्टार्ट केल्याशिवाय येत नाही. आणि दर वेळी होतं असंही नाही, चारातून एखाद वेळेस. लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडला तर कितीही वेळा झोपवा, काही होत नाही. दुकानदार म्हणतो कार्ड गेलंय, नवीन टाका. मित्र म्हणतो गिट बायसेक्ट कर, म्हणजे कर्नलमधले बदल निम्मे-निम्मे करत दोषी बदल शोध. मला सी कॉलेजपुरतं येतं, ड्रायव्हरचा कोड कधी उघडूनही बघितला नाही. जमेल का? आणि असे अधलेमधले कर्नल टाकून टाकून कार्ड खरंच उडालं तर?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: आधी दुकानदाराला थांबवा. कार्ड गेलं असतं तर जुन्या कर्नलवरही रडलं असतं ना. जुना चालतो आणि नवा चालत नाही, ही अर्धी लढाई तुम्ही जिंकलेलीच आहे, कारण बायसेक्टला एवढंच लागतं: एक चांगलं टोक, एक वाईट टोक. कोड समजायची गरज नाही, चिकाटी लागते आणि डिस्कवर जागा लागते.

पण लगेच सुरू करू नका. त्याच अपडेटमध्ये लिनक्स-फर्मवेअरचं पॅकेजही बदललंय का ते बघा, कारण कार्डाचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) कर्नलच्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या इतिहासात, नसतंच, आणि दोष तिथे असेल तर तुम्ही आठवडाभर कर्नल बिल्ड करत (कोडपासून बनवत) बसाल आणि हाती काही लागणार नाही. ड्रायव्हर कर्नलमधलाच आहे की डीकेएमएसने (दर कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर बनवणाऱ्या साधनाने) बाहेरून बसवलेला, तेही पाहा. मग सगळ्यात ताजा मेनलाइन (टोरवाल्ड्स यांचा मूळ) कर्नल एकदा टाकून बघा, कदाचित कोणीतरी आधीच दुरुस्त केलं असेल. आणि डिस्ट्रोच्या, म्हणजे तुमच्या लिनक्सच्या आवृत्तीच्या, कर्नलमध्ये त्यांचे स्वतःचे पॅचेस असतात, म्हणून दोन्ही टोकं साध्या, मूळ कर्नलवर पुन्हा तपासून घ्या.

आता हिशोब. एका मोठ्या व्हर्जनपासून पुढच्यापर्यंत साधारण 13 ते 15 हजार कमिट्स (कोडमधले नोंदवलेले बदल) जातात, म्हणजे नऊ-दहा आठवड्यांचं काम. ऐकून घाम फुटतो, पण दर वेळी उरलेल्यातले निम्मे बाद होतात म्हणून साधारण 14 फेऱ्यांत एका कमिटवर येऊन थांबता. गिट बायसेक्ट स्टार्ट, मग बॅड, मग गुड, की गिट स्वतःच मधला कमिट काढून देतं, तुम्ही बिल्ड करा, बूट करा, तपासा, गुड की बॅड ते सांगा, परत तेच. बिल्डच होत नाही असा कमिट मधे आला तर स्किप. बिल्डचा वेळ वाचवायला मेक लोकलमॉडकॉन्फिग वापरा, ते सध्या लोड झालेलेच मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ठेवतं, म्हणून त्याआधी वायफाय चालू करा आणि लागणारं सगळं यूएसबी एकदा लावून घ्या, नाहीतर फेरी संपल्यावर कळायचं की माऊसच चालत नाही. बूट झाल्यावर दर वेळी यूनेम वजा आर (चालू कर्नलचा नंबर सांगणारी कमांड) बघा, कारण जुनाच कर्नल बूट करून 'गुड' म्हणणं हा सगळ्यात जास्त होणारा घोळ. आणि मधेच तुमच्या चांगल्या टोकापेक्षाही जुना नंबर दिसला तर घाबरू नका, मर्ज झालेल्या फांद्या जुन्या व्हर्जनवरून निघालेल्या असतात, म्हणून असं दिसतं.

तुमच्या केसमधली खरी कटकट वेगळीच आहे, ती म्हणजे 'चारातून एकदा'. बॅड हे डोळ्यांनी दिसतं, त्यात शंका नाही. गुड मात्र अंदाज असतो! दोषी कर्नलवर पाच वेळा झोपवून काही झालं नाही, असं व्हायची शक्यता जवळजवळ 24 टक्के आहे, म्हणजे चौथा हिस्सा, आणि एक चुकीचं गुड दिलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या भलत्याच गल्लीत. पंधरा वेळा झोपवलंत तर ती शक्यता एक टक्क्याच्या आसपास येते. हाताने झाकण लावत बसू नका, आरटीसीवेक नावाची कमांड ठरलेल्या सेकंदांनी मशीन झोपवते नि उठवते, ती लूपमध्ये टाका. फक्त वाईट कर्नलवर त्या पद्धतीनेही दोष दिसतो का ते आधी बघून घ्या. गिट बायसेक्ट लॉग फाइलमध्ये ठेवत जा, चूक कळली तर ती ओळ काढून उरलेल्या फेऱ्या रिप्ले करता येतात.

मित्र सांगेल, फक्त वायरलेसच्या फोल्डरपुरतंच बायसेक्ट कर, फेऱ्या कमी होतील. होतात, पण मला हा मोह आवडत नाही. झोपेनंतरचे दोष पीसीआयच्या (कार्ड ज्यावर जोडलेलं असतं त्या जोडणीच्या) पॉवर मॅनेजमेंटमध्येही निघतात, ते त्या फोल्डरात नाही. 2008 ची गोष्ट घ्या. 2.6.27 च्या आरसी (अंतिम होण्याआधीच्या चाचणी) कर्नलवर इंटेलच्या ई1000ई ड्रायव्हरची नेटवर्क कार्डं मरायला लागली, त्यांची एनव्हीएमच (कार्डावरची कायमची मेमरी) खराब व्हायची. सगळे ड्रायव्हरकडे बोट दाखवत होते. शेवटी सापडलं ते एफट्रेसमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये काय चाललंय त्याचा माग काढणाऱ्या ट्रेसिंगच्या कोडमध्ये! मॉड्यूलचा सुरुवातीपुरता कोड मेमरीतून काढून टाकला जायचा, पण त्याचे पत्ते एफट्रेसच्या यादीत तसेच राहायचे, त्याच पत्त्यांवर नंतर कार्डाची एनव्हीएम मॅप व्हायची आणि एफट्रेस बिनधास्त तिथे लिहायचा. 2.6.27.1 मध्ये ते डायनॅमिक एफट्रेस बंद करून टाकलं. म्हणजे नुसत्या ड्रायव्हरच्या फोल्डरात शोधणाऱ्याला तो कमिट कधी मिळालाच नसता.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. कार्ड उडू शकतं का? तेव्हा उडत होती, आणि बायसेक्ट करणाऱ्याची प्रत्येक बॅड फेरी एका कार्डाच्या जिवावर उठू शकत होती. पण तुमचं वायफाय रीस्टार्टनंतर परत येतंय, म्हणजे कार्डात कायमचं काही लिहिलं जात नाहीये, तेव्हा मला काळजी वाटत नाही. डेटाचा बॅकअप मात्र घ्या, आरसीच्या आधीच्या अर्धवट कमिटवर फाइलसिस्टीमचा दोषही भेटू शकतो.

पहिला बॅड कमिट हाती आला की तोच ताज्या कर्नलवर रिव्हर्ट करून (उलटवून) बघा. दोष गेला तर पक्कं. नाही गेला तर बहुतेक कुठेतरी गुड चुकलंय, लॉग काढा. मग सोर्समधली गेट-मेंटेनर स्क्रिप्ट चालवली की कोणाला मेल करायचा ते नाव मिळतं, सोबत रिग्रेशन्सच्या (आधी चालणारं बिघडल्याच्या तक्रारींच्या) मेलिंग लिस्टलाही ठेवा, कारण चालणारी गोष्ट बंद पाडायची नाही हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना नियम आहे आणि रिग्रेशन म्हटलं की लोक लवकर बघतात. साध्या मजकुरात लिहा, एचटीएमएल मेल त्या लिस्टवर परत येतो. दोष सापडला तर दुरुस्तीच्या कमिटमध्ये 'रिपोर्टेड बाय' म्हणून तुमचं नाव आणि ईमेल येतं आणि ते इतिहासात कायमचं राहतं, तेव्हा कॉलेजच्या दिवसांतला तो गमतीदार ईमेल आयडी वापरू नका.